किती बारचं देऊ?

आमची गच्ची मी बावीस वर्षं घासतो आहे. हेच वाक्य हिच्या तोंडी 'आमची गच्ची मी बावीस वर्षं घासून घेते आहे' असं येतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. फरक फक्त घेण्याचा आहे. खराटा दोन्हींत माझ्याच हातात असतो.

पुण्याचा पाऊस कोकणाच्या मानाने काहीच नाही असं कोकणातले लोक म्हणतात, पण शेवाळाला तो पुरतो. जुलैत ते हिरवंगार, मऊ असतं आणि पाहुणे त्याचे फोटो काढतात. ऑगस्टमध्ये त्यावरून पहिला पाहुणा घसरतो. गणपती जाईपर्यंत ते काळं पडून फरशीला असं धरून बसतं, की त्याला हलवायचं तर पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखी कोर्टातून ऑर्डर आणावी लागेल. मग मी ब्लीचिंग पावडर, खराटा आणि तारेचा ब्रश घेऊन वर जातो आणि दोन दिवसांनी कंबर धरून खाली येतो. यंदा कंबर खाली आली ती वर जायला तयारच होईना. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं. आयुष्यभर जिथे ताठ उभं राहायला हवं होतं तिथे वाकलो, आणि आता गच्चीसमोर ताठ उभं राहायचा आदेश. बंगळुरूच्या चिरंजीवांनी फोनवर दोन शब्दांत निकाल दिला, "बाबा, प्रेशर वॉशर."

दुकानात त्या मशीनची भिंतच रचलेली होती. पिवळी, लाल, निळी खोकी. बहुतेक खोक्यांवर एक गोरा गृहस्थ पांढरी पँट घालून, हसत, हिरवळीवरचा लाकडी बाक धूत होता. मागे पांढरा बंगला, शेजारी पांढरा कुत्रा. त्या घरात धुण्यासारखं काही मला दिसेना.

"होम की कमर्शियल, सर?" विक्रेत्याने विचारलं.

"गच्ची," मी म्हणालो.

"म्हणजे होम. किती बारचं देऊ?"

बार हा शब्द तोवर मला तीन ठिकाणी ठाऊक होता. तंबाखूचा बार भरतात, लग्नाचा बार उडवतात, आणि तिसऱ्या बारविषयी ही शेजारीच उभी असल्यामुळे मी दुकानात काही बोललो नाही. "सगळे कितीचं नेतात?" असं विचारलं. चष्म्यापासून चपलेपर्यंत सगळीकडे मी हाच प्रश्न विचारतो, आणि म्हणूनच माझा चष्मा आणि चप्पल दोन्ही दुसऱ्या कुणाचे वाटतात.

"वन थर्टी जातं जास्त. पण माझं ऐकाल तर वन एटी घ्या. जास्त असलेलं कधीही बरं."

"एकशे ऐंशीने गच्ची लवकर निघेल का?" हिने विचारलं.

"मॅडम, गच्ची उडून जाईल!" तो म्हणाला. हे त्याने कौतुकाने सांगितलं.

आम्ही खोक्यांच्या बाजूंचे फोटो काढून घरी आलो. ते फोटो मी शेजारच्या मास्तरांना दाखवले ही माझी पहिली चूक. मास्तरांनी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण कुणाच्या हातात आकडा दिसला की तो तपासून दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. ते कठड्याशी आले, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "एक बार म्हणजे ढोबळमानाने दहा मीटर उंच पाण्याचा दाब. तुमची टाकी गच्चीवर. नळ अंगणात. मधलं अंतर सात मीटर. म्हणजे तुमच्या नळाला पाऊण बारसुद्धा नाही. गाडीच्या टायरात सव्वादोन-अडीच असतो. आता एकशेतीस बार म्हणजे किती?"

"तेराशे मीटर," मी म्हणालो. वर्गात उत्तर बरोबर येण्याची माझी ही पहिलीच वेळ असावी.

"सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर. म्हणजे काय झालं? सिंहगडावर टाकी बांधायची आणि तिथून पाइप काढून थेट कोकणच्या किनाऱ्यावर आणायचा. तिथल्या नळाला जो दाब येईल तो तुमच्या गच्चीवर."

"एवढी काही घाण नाही हो आमची गच्ची," ही आतून म्हणाली.

"आणि एकशे ऐंशीला?" मी विचारलं.

"अठराशे मीटर. महाराष्ट्रात तेवढं उंच काही नाही. कळसूबाई १६४६ वर संपते. टाकी दुसऱ्या राज्यात बांधावी लागेल."

मग मास्तरांनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. तिथे 'कमाल दाब १३० बार' असं होतं. मास्तर म्हणाले, "कमाल आहे. कमाल दाब म्हणजे हे यंत्र फुटण्याच्या अलीकडे जिथवर जाऊ शकतं तो. रोज काम करताना किती दाब असतो तो वेगळा, आणि तो यांनी छापलेलाच नाही. नवरामुलगा एकदा वर्गात पहिला आला होता एवढंच सांगून स्थळ पाठवतात, तसं आहे हे."

आणि शेवटी त्यांनी तो गुणाकार केला. तो मी इथे मुद्दाम देतो, कारण कागद-पेन्सिल घेऊन दुकानात गेलात तर विक्रेता तुम्हाला पुन्हा 'सर' म्हणणार नाही, एवढा तो उपयोगी आहे. खोक्यावरचे बार गुणिले मिनिटाला किती लिटर पाणी, भागिले सहाशे. उत्तर किलोवॉटमध्ये. म्हणजे मशीन पाण्याला किती ताकद देतंय ते. आमच्या फोटोतल्या खोक्यावर १३० बार, साडेसात लिटर आणि मोटर १५०० वॉटची होती. एकशेतीस गुणिले साडेसात, नऊशे पंचाहत्तर. भागिले सहाशे, १.६२५. म्हणजे मोटर पंधराशे वॉट वीज खाणार आणि सोळाशे पंचवीस वॉटचं पाणी बाहेर फेकणार.

"असं असतं," मास्तर म्हणाले, "तर कोयनेला धरण बांधायचं कारणच नव्हतं. एक मशीन दुसऱ्याला जोडायचं, दुसरं तिसऱ्याला, सगळा महाराष्ट्र उजळला असता."

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात म्हणे. पाणी कोंडलं की दाब तेवढा जातो, मोकळं सोडलं की पाणी तेवढं येतं. एका वेळी दोन्ही मात्र मिळत नाही. खाल्लेल्या विजेच्या दोन तृतीयांश पाण्यात उतरली तरी मशीन सज्जन समजावं, असं मास्तरांचं मत. मी त्या खोक्यांकडे सज्जन शोधण्याच्या नजरेने पाहू लागलो. फारसे निघाले नाहीत.

आता खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं, पण आमच्या घरात कुठलीही खरेदी हिच्या भावाला विचारल्याशिवाय पुरी होत नाही. मेव्हणा तासगावकडे असतो. द्राक्षबाग आहे आणि रस्त्याला लागून गाड्या धुवायचं सेंटर. दिवसाला चाळीस मोटरसायकली, दहा-बारा चारचाक्या आणि हंगामात ट्रॅक्टर. म्हणजे धुण्यातला घराण्याचा गवई. त्याला मी सिंहगड, कळसूबाई सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"दाजी, गच्ची धुणार का डोंगार फोडणार? बार कशाला बघताय? पाणी किती टाकतंय त्ये बघा."

त्याच्याकडे एचटीपी आहे. शेतकरी वाचकांना सांगायला नको. बागेवर फवारणीला वापरतात तोच तीन पिस्टनचा, पट्ट्यावर चालणारा, पोटात ऑइल असणारा बिडाचा पंप. (फवारणीचा वेगळा आणि धुण्याचा वेगळा, हे त्याने मला दोनदा बजावलं.) त्याला दाब म्हणाल तर तीस-चाळीस बार. म्हणजे दुकानातलं सगळ्यात किरकोळ खोकंही त्याला हसेल. पण पाणी मिनिटाला वीस-बावीस लिटर. आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डखालचा तासगावचा काळा चिखल त्यानेच निघतो.

"दाब चिखलाला सोडिवतो आणि पाणी त्येला घिऊन जातं. नुसता दाब आसंल तर चिखल हितनं उठतोय आन तितं जाऊन बसतोय. फरशीवरचा भित्तीवर. भित्तीवरचा तुमच्या शर्टावर."

भौतिकशास्त्रात मास्तरांनी घेतलेला अर्धा तास त्याने चार वाक्यांत आटोपला. पुढे मी विचारलं, मग मी पण एचटीपीच घेऊ का? कमर्शियल असलेलं बरं, टिकेल तरी.

"घरात मिक्सर हाय न्हवं? आन घरघंटी? मिक्सर लई बोंबलतोय, पाच मिंटात गरम हुतोय, पर चटणीला त्योच लागतोय. घरघंटी तासभर दळती, आवाज न्हाय, पर ती उचलून गच्चीवर कोण नेणार?"

पुढे दुकानात ज्याला मी 'युनिव्हर्सल मोटर की इंडक्शन मोटर' या नावाने भेटलो तो हाच प्रश्न. कार्बन ब्रशची मोटर हलकी, स्वस्त आणि कर्कश. वीस मिनिटं चालवा, विश्रांती द्या. इंडक्शन जड, महाग, शांत आणि दीर्घायुषी. जिथे यंत्र रोज तास न् तास चालायचं तिथे दुसरी घ्यावी आणि पंपाचं डोकं पितळेचं असावं, प्लास्टिकचं नको. मेव्हण्याचं शेवटचं वाक्य मात्र कुठल्याच दुकानदाराने मला सांगितलं नाही. "माजं मशीन दिसाला चार तास चालतंय. तुमी वर्साला चार तास चालवणार. बसून बसून सील सुकत्यात, दाजी. मशीन कामानं मरत न्हाय, बसून मरतंय." हे वाक्य त्याने मशीनविषयी म्हटलं असावं असं मी धरून चाललो आहे.

कमर्शियलमध्ये आणखी एक जात आहे, गरम पाण्याची. हॉटेलचं स्वयंपाकघर, गॅरेज, डेअरी, जिथे म्हणून तूप, तेल, ग्रीस आहे तिथे थंड पाण्याचा कितीही दाब मारा, तो तेल नुसतं हिंडवतो. तुपाची वाटी थंड पाण्याने घासून पाहिलेल्या कुठल्याही माणसाला हे पटेल. त्यासाठी डिझेलच्या बर्नरवर पाणी तापवणारी मोठी मशीनं असतात. हे ऐकून हिने आमच्या गच्चीवरच्या सोलर हीटरकडे सूचक नजरेने पाहिलं. बहुतेक घरगुती मशीनना चाळीस अंशांपर्यंतचंच पाणी चालतं, हे मला माहितीपत्रकात वेळेवर सापडलं म्हणून आमचे सील वाचले.

गरम पाण्याच्या त्या मशीनचा युरोपातला पहिला अवतार १९५०चा. आल्फ्रेड कार्शर नावाच्या जर्मन इंजिनिअरने तो काढला. १९५९ साली तो वारला तेव्हा कारभार त्याच्या बायकोने, इरेनेने, हातात घेतला आणि कंपनी जगभर नेली. ही माहिती मी घरात मोठ्याने वाचायला नको होती. "बघा," ही म्हणाली, "धुणं शेवटी कुणाच्या हातात गेल्यावर भरभराट झाली ते." १९८४मध्ये हातात धरून घरी नेता येईल असं मशीन निघालं आणि मग ते हिरवळीवरचे गोरे गृहस्थ जन्माला आले. त्याच कंपनीने २००५मध्ये अमेरिकेतल्या रशमोर पर्वतावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे धुऊन दिले. एकेक चेहरा अठरा मीटरचा. वॉशिंग्टनसाहेबांच्या नाकावर काय होतं? शेवाळ. मला एकदम त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला. फ्रान्समध्ये तर आपल्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसं या मशीनला कंपनीच्याच नावाने ओळखतात. २००५मध्येच तिथले तेव्हाचे गृहमंत्री सार्कोझी यांनी पॅरिसजवळची एक वस्ती या मशीनने साफ करू असं म्हटलं आणि देशभर गदारोळ उडाला. गृहमंत्र्यांनी बाकीची उपकरणं वापरावीत, पण रूपक म्हणून धुण्याचं मशीन वापरू नये.

शेवटी आम्ही घेतलं ते दुकानातलं सगळ्यात कमी बढाई मारणारं खोकं. चौदाशे वॉट. कमाल दाब १२०, चालू दाब ८०, पाणी साडेपाच लिटर. तिन्ही आकडे छापलेले. तिथेच उभं राहून मी गुणाकार केला, उत्तर १.१ आलं. मोटर खाते त्यापेक्षा कमी देते, म्हणजे आपल्यातलीच. विक्रेत्याचा चेहरा पडला. "सर, हे बेसिक आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, घाणही बेसिकच आहे.

आता तुम्हाला वाटेल, मशीन घरी आलं म्हणजे निवड संपली. इथपर्यंत मलाही तसंच वाटलं होतं. वास्तविक आपण मशीन निवडतो हा भ्रम आहे. घरातला नळ, घरातला प्लग आणि महापालिकेच्या पाण्याची वेळ हे तिघे मिळून ते केव्हाच निवडून बसलेले असतात. आपण फक्त पैसे द्यायला जातो.

पहिला नळ. मशीनबरोबर येणारी प्लास्टिकची चाप त्या गोऱ्या गृहस्थाच्या नळाला बसते. आमच्या अंगणातला नळ पितळेचा, तोंड घासलेलं, आटे अर्धे. त्यावर चाप बसली, पण पाणी सुरू करताच ती उडून शेजारच्या मोगऱ्यात गेली. हार्डवेअरवाल्याकडे तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी त्याने न विचारताच निपल आणि टेफ्लॉन टेप काढून ठेवली होती.

दुसरा प्लग. चौदाशे वॉट म्हणजे सहा अँपियरच्या किंचित वर. आणि अंगणात, गच्चीत, जिन्यात, म्हणजे जिथे धुवायचं तिथे सगळे पॉइंट आपल्याकडे सहाचे. पंधराचा प्लग असतो गीझरपाशी आणि वॉशिंग मशीनपाशी, जिथे धुण्याची सोय आधीच झालेली असते. दिवाळीच्या माळांचं बारीक तारेचं एक्स्टेन्शन चालेल असं मला वाटलं होतं. मास्तरांनी ते हातात घेऊन खिशात घातलं आणि परत दिलंच नाही. जाड तारेचा बोर्ड आणा, मेनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारी कळ, आहे का बघा, आणि ओल्या पायांनी प्लगला हात लावू नका, असं त्यांनी बजावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

तिसरं पाणी. नळाचा पाऊण बार मशीनला पुरेना. ते दोन मिनिटं फुरफुरायचं आणि दम खायचं. पंप कोरडा चालला तर गेलाच म्हणून समजा. तेव्हा कळलं, की खोक्यावर एका कोपऱ्यात 'बादलीतून पाणी ओढते' असं लिहिलंय ते आपल्यासाठी आहे, आणि बारच्या आकड्यापेक्षा ते किती तरी मोलाचं आहे. ज्यांच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं त्यांनी ही ओळ असल्याशिवाय खोकं उघडूच नये. आत जाणाऱ्या पाइपच्या टोकाला जाळी हवी, नाहीतर टाकीच्या तळाची रेती पंपात जाते. बंदूक बसवण्याआधी पाणी नुसतं वाहू देऊन पाइपातली हवा काढायची. लहान मुलाला दूध पाजल्यावर खांद्यावर घेतात तसं ते ढेकर देतं, मग शांतपणे चालतं.

आमची बादली अठरा लिटरची. मिनिटाला साडेपाच म्हणजे सव्वातीन मिनिटांत बादली रिकामी. दिवाळीला आलेल्या चिरंजीवांनी साहजिकच बंदूक घेतली. माझ्याकडे बादल्या भरायचं खातं आलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हटलं होतं. पहिल्या तासात मी सतरा वेळा वाकलो. मास्तर कठड्यावरून हिशेब करत होते. नुसता नळाचा पाइप मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, त्याच्या निम्म्याने काम होतं, म्हणजे पाण्याची बचत. हिशेब बरोबर होता. फक्त निम्म्या पाण्यात काम झाल्यावर मजा वाटून माणूस तिप्पट वेळ धूत राहतो, हे त्यांच्या सूत्रात बसत नव्हतं.

कारण मजा वाटते, हे कबूल केलं पाहिजे. चाप दाबला की बंदूक मागे ढकलते. शंभर बारला सव्वाएक किलोचा धक्का आणि तोंडाशी पाण्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटर, असं मास्तरांनी मागाहून सांगितलं. अंगणातल्या शहाबादी फरशीवर चिरंजीवांनी पहिला फराटा मारला आणि काळ्या फरशीत एक पांढरी रेघ उमटली. आम्ही तिघंही स्तब्ध झालो. ही फरशी या रंगाची आहे? बावीस वर्षं मी तिला काळीच समजून घासत होतो.

त्या रेघेने घात केला. रेघेच्या शेजारचं सगळं एकाएकी घाणेरडं दिसू लागलं. अंगण झालं तर पायऱ्या दिसल्या, पायऱ्या झाल्या तर कंपाउंड. कंपाउंडवरचं शेवाळ गेलं, त्याबरोबर सिमेंटचा रंगही गेला, आणि रंगाखाली मागच्या मालकांचा निळा रंग निघाला. उत्खनन आणखी खोल गेलं असतं. पेव्हर ब्लॉकच्या फटींतली रेती उडून गेली आणि ब्लॉक दातांसारखे हलू लागले. नावाच्या पाटीवरचा एक काना गेला. त्या दिवसापासून माझं आडनाव पोस्टमन वेगळंच वाचतो. एसीच्या बाहेरच्या युनिटवर तिरका फवारा मारल्याने त्याच्या पातळ पत्र्या गवतासारख्या आडव्या झाल्या. सरळ समोरून, लांबून आणि हलक्या दाबाने मारायचं असतं, असं एसीवाल्याने पैसे घेताना सांगितलं.

गाडीच्या बाबतीत मेव्हण्याने आधीच ताकीद दिली होती. रुंद फवारा, टोक फूटभर लांब, आणि जिथे पूर्वी पुट्टी भरलीय तिथे जायचंच नाही. टोकाच्या तोट्या रंगांनी ओळखतात. पांढरी चाळीस अंशांची, रुंद, गाडीला. हिरवी पंचवीसची, फरशीला. पिवळी पंधराची, हट्टी डागांना. लाल शून्य अंशाची, एका बिंदूत सगळा दाब. ती मास्तरांनी एक्स्टेन्शनच्या जोडीला खिशात घातली. काळी साबणाला. आमच्या मशीनला सुट्या तोट्यांखेरीज एक फिरवायचं टोकही होतं, आणि घाईत ते कुठल्या बाजूला फिरलं ते गाडीच्या मागच्या दाराला विचारा. २०१९मध्ये एका रिक्षाने दिलेल्या पोच्यावरची पुट्टी बशीसारखी अख्खी निघून हातात आली.

चिरंजीवांनी 'खरंच लागतं का' म्हणून तळहात पुढे केला तेव्हा मात्र मास्तर कठडा ओलांडून आले. सत्तरीच्या माणसाला मी असं उडी मारताना पाहिलं नव्हतं. या पाण्याने बोटाला टाचणीएवढंच भोक पडतं, पण पाणी कातडीखाली आत घुसून बसतं. वरून काहीच दिसत नाही आणि आत बोट जाण्याची वेळ येते. असं झालं तर पट्टी लावून घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. हे सांगून ते आल्या वाटेने, पण फाटकातून, परत गेले.

एव्हाना गल्लीत बातमी गेली होती. कुणाला जाळ्या धुवायच्या होत्या, कुणाला कुत्रा. रत्नागिरीकडच्या चुलतभावाचा फोन आला, घराच्या जांभ्या चिऱ्यावर शेवाळ आहे, मशीन पाठव. मी पाठवलं नाही. जांभा मऊ दगड. जवळून मारलं तर शेवाळाबरोबर चिराही तांबड्या पाण्यात वाहून जाईल. तिथे ब्रशच बरा. त्याला हे पटलं नाही. मशीन द्यायचं नाही म्हणून पुण्याचे लोक भूगर्भशास्त्र सांगतात, असं तो गावात म्हणाल्याचं कळलं.

ज्या गच्चीसाठी एवढं केलं तिची पाळी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आली. चिरंजीव दमून झोपले होते. मी बादल्या वर नेल्या आणि बंदूक हातात घेणार, तेवढ्यात ही म्हणाली, "द्या बघू." तिने टोक बारीक केलं, काळ्या शेवाळावर एक ठिपका मारला. पांढरा. शेजारी दुसरा. मग तिसरा. पंधरा मिनिटांत, पाच बादल्यांत, तिने आमच्या काळ्या गच्चीभर पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढली. मधोमध कमळ, कडेला गोपद्म. माझं आयुष्य त्या गच्चीवर गेलं, पण तिच्यावर एवढी चांगली पाटी मी बावीस वर्षं सांभाळतोय हे मला माहीत नव्हतं.

बलिप्रतिपदेपर्यंत पन्नास-साठ माणसं रांगोळी बघून गेली. उरलेलं शेवाळ काढू का, असं मी भाऊबीजेला विचारलं. ही म्हणाली, काढलं तर रांगोळी पुसेल ना.

तेव्हा गच्ची धुवायची राहिली आहे. मशीन रिकामं आहे आणि बसून त्याचे सील सुकताहेत. कुणाला हवं असल्यास घेऊन जावं. येताना पंधरा अँपियरचा जाड तारेचा बोर्ड, दोन बादल्या आणि बादल्या भरणारा माणूस आपला आणावा. एसी आणि नावाची पाटी आधी झाकून ठेवावी. परत करताना पाइपातलं पाणी काढून, जाळी धुऊन द्यावं. लाल तोटी मागू नये. ती मास्तरांकडे आहे आणि ते देत नाहीत.